वजाबाकीतला आवाज

कुडाळकडच्या एका देवळात जत्रेच्या रात्री केलेलं दशावताराचं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. दोन माइक, स्टिरिओ. पेटी डावीकडे, झांज उजवीकडे, बाकड्यावरचा राजा बरोबर मध्ये. देवळात बसलं की पाठीमागे खाजेवाले, पोरांचा कालवा, रातकिडे. घरच्या दोन स्पीकरवर मात्र हा सगळा पसारा राजाच्या अंगावर येऊन बसतो. स्टिरिओतून चार-पाच स्पीकरचा आवाज काढायची खटपट याच अडचणीतून सुरू झाली.

मुळात वाहिन्या, म्हणजे आवाजाचे वेगवेगळे प्रवाह, दोनच का? ॲलन ब्लमलाइन यांनी डिसेंबर 1931 मध्ये इंग्लंडमध्ये स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला. 1933 मध्ये बेल लॅब्जने फिलाडेल्फियातला वाद्यवृंद वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवला तो तीन वाहिन्यांवर, कारण मधल्या स्पीकरशिवाय मोठ्या दालनात मध्यभाग पोकळ वाटतो. पण घराघरांत आली ती तबकडी, आणि तबकडीच्या खाचेला भिंती दोनच. एकेका भिंतीवर एकेक वाहिनी कोरली की जागा संपली.

त्या दोघींतच बरंच काही दडलेलं आहे, हे ऑडिओ इंजिनिअर डेव्हिड हॅफलर यांनी 1970 च्या सुमारास फुकटात दाखवलं. तिसरा स्पीकर मागे ठेवायचा आणि त्याच्या दोन वायरी ॲम्प्लिफायरच्या डाव्या आणि उजव्या ‘प्लस’ टोकांना जोडायच्या. दोन्ही बाजूंना जे सारखं आहे ते आपोआप कटतं आणि उरतो फक्त फरक. (आपला ॲम्प्लिफायर ब्रिज पद्धतीचा, म्हणजे ‘मायनस’ टोकातूनही आवाज सोडणारा, नाही ना, ते आधी बघावं, नाहीतर तो जळायचा.) आमच्या माजघरात हा खेळ केला तेव्हा मागच्या स्पीकरातून राजाचा आवाज जवळजवळ नाहीसा झाला. राहिली थोडी झांज, मंडपाचा घुमारा आणि किरकिर. काका मान वळवून म्हणाले, “अरे, पाठसून रातकिडे वरडतत!” माझ्या मते पुढच्या पन्नास वर्षांची विद्या या एका वजाबाकीची लेकरं आहेत.

सिनेमाने ही वजाबाकी मुद्दाम पेरली. 1970 च्या दशकाच्या मध्यावर आलेल्या डॉल्बी स्टिरिओत चार वाहिन्या फिल्मवरच्या दोन ट्रॅकमध्ये गुंफल्या जात. मधला आवाज दोन्हींत सारखा, मागचा एकात सुलटा तर दुसऱ्यात उलटा, म्हणजे लाटेच्या चढाच्या जागी उतार. थिएटरात बेरीज केली की मधला मिळे, वजाबाकी केली की मागचा. दुखणं एवढंच की शेजारच्या वाहिन्यांत जेमतेम 3 डेसिबलचं अंतर राही. डावीकडचा आवाज मधल्या स्पीकरमध्येही गळे.

1982 पासून हे तंत्र घरात आलं, तेव्हा मागचा आवाज सुमारे 20 मिलिसेकंद उशिरा सोडत आणि 7,000 हर्ट्झच्या वरचा भाग कापून टाकत. हेल्मुट हास यांनी 1949 मध्ये दाखवलं होतं की तोच आवाज दोनदा आला तर कान आधी आलेल्याच्या दिशेला मान देतो, मग दुसरा थोडा मोठा असला तरी चालतो. म्हणून उशीर केला की गळलेला संवाद मागून आल्यासारखा वाटत नाही. वरचा भाग कापायचं कारण घरगुती आहे: टेपचं हेड किंचित तिरकं असलं की ‘स’, ‘श’ दोन वाहिन्यांत मागेपुढे होतात, वजाबाकीत कटत नाहीत आणि पाठीमागे सिसकारतात. पुढे 1987 च्या डॉल्बी प्रो लॉजिक या सुधारित तंत्राने त्या क्षणी कुठला आवाज जोरात आहे ते ओळखून बाकीची गळती दाबली. 2000 मध्ये जिम फॉसगेट यांच्या प्रो लॉजिक टू ने साध्या स्टिरिओ गाण्यालाही मागे डावं-उजवं दिलं.

तोवर सगळा हिशेब अख्ख्या आवाजाचा होता. झांज वाजली की पेटीही तिच्यामागे ओढली जायची. 2002 मध्ये आव्हेंडानो आणि जो या संशोधकांनी मांडलेल्या रीतीत आवाजाचे लहान तुकडे करून प्रत्येक तुकडा फ्रिक्वेन्सींच्या पट्ट्यांत फोडतात. सीडीचे 2,048 नमुने (सेकंदाला हजारो वेळा टिपलेली आवाजाची मापं) म्हणजे साधारण 46 मिलिसेकंद. एकेका पट्टीत डावं-उजवं किती जुळतं ते मोजायचं: जुळलं तर तो थेट आवाज, पुढे, नाही जुळलं तर घुमारा, मागे. राजा आणि झांज एकाच क्षणी बोलले तरी आता वेगळे ठेवता येतात. मात्र हात जड पडला की पाण्याखाली पाखरं चिवचिवल्यासारखा आवाज येतो.

2019 मध्ये डीझर या संगीत ऐकवणाऱ्या कंपनीने खुला केलेला स्प्लीटर हा प्रोग्रॅम न्यूरल नेटवर्कने, म्हणजे उदाहरणांवरून शिकलेल्या संगणकी जाळ्याने, गाणं फोडतो: गळा, ड्रम, बेस, उरलेलं. मृदंग, झांज, पेटी यांना त्यात स्वतःचा कप्पा नाही.

कोकणातल्या कपाटांत पडलेल्या दशावताराच्या, भजनाच्या बऱ्याच कॅसेट तर एका माइकवर, मोनोत भरलेल्या आहेत. तिथे डावं तेच उजवं. वजाबाकी केली तर मागच्या स्पीकरात टेपची खरखर तेवढी येते. रातकिडे कॅसेटमध्ये आहेत, पण राजाच्या मागेच उभे.