आधी सेटअप, मग पेपर: खानदेशातल्या मेकॅनिकल संशोधनाची पार्श्वभूमी

पीएच.डी.चा प्रबंध जमा करण्याआधी शोधनिबंध छापून यायलाच हवा, ही देशपातळीवरची अट विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमांत राहिली नाही. जळगाव, धुळे, शिरपूर, फैजपूर, शहादा या पट्ट्यातल्या मेकॅनिकल विभागांत अजूनही हा विषय निघाला की आवाज चढतात. कोणी म्हणतं सुटका झाली, कोणी म्हणतं उरलीसुरली शिस्तही गेली. दोन्ही बाजूंना इतकं का लागतं, हे कळायला इथलं संशोधन कसं उभं राहिलं ते बघावं लागतं.

फार मागे जाण्यात अर्थ नाही. खानदेशात यंत्रं होती, पण ती गिरण्यांत आणि भुसावळच्या रेल्वेत. जळगाव, धुळे, अमळनेर, चाळीसगावच्या कापड गिरण्यांनी उत्तम फिटर आणि टर्नर घडवले. ज्याला इंजिनीअर व्हायचं तो मात्र ट्रंक उचलून पुण्याला किंवा मुंबईला जायचा. १९८३ मध्ये राज्याने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडलं आणि पहिल्या एक-दोन वर्षांतच खानदेशात अशी महाविद्यालयं सुरू झाली. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय जळगावात यायला १९९६ उजाडलं. तोवर १५ ऑगस्ट १९९० रोजी पुण्यापासून वेगळं होऊन जळगावचं विद्यापीठ स्थापन झालेलं होतं.

या महाविद्यालयांतल्या प्रयोगशाळा शिकवण्यासाठी होत्या. अभ्यासक्रमात जितके प्रयोग तितकी यंत्रं, प्रत्येकाला एक मॅन्युअल, आणि उत्तर काय येणार ते आधीच ठरलेलं. संशोधनाला लागणारी यंत्रणा, म्हणजे सेटअप, कोणी विकत देत नाही, ती बनवावी लागते. म्हणून इथल्या संशोधनाची खरी सुरुवात वर्कशॉपमध्ये झाली. लेथवरच्या इन्स्ट्रक्टरने डोळ्यांनी माप घेऊन फ्लँज काढून द्यायचा, एमआयडीसीतल्या फॅब्रिकेटरने टाकी वेल्ड करून द्यायची, आणि प्राध्यापकाने सुट्टीच्या दिवशी येऊन तापमान मोजणारे थर्मोकपल चिकटवायचे. संशोधक म्हणजे बहुतेक वेळा तिथलाच प्राध्यापक. सकाळी तीन तास शिकवणं, दुपारी प्रॅक्टिकलच्या बॅचेस, परीक्षेचं काम, आणि त्यातून उरेल तेवढं संशोधन. आजही अर्धवेळ पीएच.डी. करणाऱ्यांचंच प्रमाण मोठं आहे, आणि नोकरी न सोडता, गाव न सोडता इतक्या शिक्षकांची पीएच.डी. झाली, ही मला या भागाची सगळ्यात मोठी कमाई वाटते. त्यांच्यातलेच काही जण आज गाईड आहेत.

विषय कुठून आले? इथल्या शेतातून आले, पण दिल्लीच्या धोरणाने ते वर उचलले. २००९ च्या जैवइंधन धोरणाने २०१७ पर्यंत इंधनात २० टक्के जैवइंधन मिसळण्याचं उद्दिष्ट ठेवलं आणि अखाद्य तेलांवर भर दिला. त्यामुळे देशभरातल्या मेकॅनिकल विभागांत करंज आणि जट्रोफा शिरले. आपल्याकडे त्यात सरकीची भर पडली. कापसाच्या मुलखात सरकी सहज मिळते, अडचण एवढीच की सरकीचं तेल खाल्लंही जातं, त्यामुळे धोरणाच्या भाषेत ते कधीच नीट बसलं नाही. करंजाचं तसं नाही. ते खात नाहीत, पण त्यात मुक्त मेदाम्ल जास्त असतं. त्याचं बायोडिझेल करताना थेट अल्कली टाकली तर साबण होतो. म्हणून आधी आम्लाची प्रक्रिया, मग अल्कलीची, असे दोन टप्पे करावे लागतात. मेकॅनिकलचा माणूस हे रसायनशास्त्र बीकर हातात घेऊन शिकला.

इंजिन बहुधा एका सिलिंडरचं, चार स्ट्रोकचं, १५०० आरपीएमवर ३.५ किंवा ५.२ किलोवॅट देणारं, म्हणजे विहिरीवर पाणी उपसणाऱ्या इंजिनाचाच भाऊबंद. त्याला लोड देऊन ताकद मोजणारा डायनमोमीटर जोडायचा, लोड टप्प्याटप्प्याने वाढवायचा, ब्युरेटमधून (खुणा केलेल्या काचेच्या नळीतून) ठरावीक इंधन जायला किती सेकंद लागतात ते मोजायचं, आणि धुराचं व नायट्रोजन ऑक्साइडचं रीडिंग घ्यायचं. बायोडिझेलचं उष्मांक मूल्य डिझेलपेक्षा साधारण दहा-बारा टक्क्यांनी कमी असतं, म्हणून इंधन थोडं जास्त लागतं. धूर कमी होतो, नायट्रोजन ऑक्साइड बहुधा थोडे वाढतात. हे निष्कर्ष आता सगळ्यांना पाठ आहेत. खानदेशात हेच प्रयोग करताना एक वेगळी गोष्ट सांभाळावी लागते आणि ती क्वचितच कुठे लिहिलेली सापडते. डिसेंबरच्या सकाळी प्रयोगशाळेतली हवा १५ अंशांवर असेल आणि मे महिन्याच्या दुपारी ४२ अंशांवर, तर तेवढ्याच आकारमानाच्या हवेचं वजन सुमारे नऊ टक्क्यांनी घटतं. सिलिंडरमध्ये प्राणवायू तेवढा कमी जातो. डिझेलची रीडिंग हिवाळ्यात आणि मिश्रणाची उन्हाळ्यात घेतली, तर दिसणारा फरक इंधनाचा की हवेचा, हे सांगता येत नाही. म्हणून इथले जाणते गाईड डिझेल आणि सगळी मिश्रणं एकाच आठवड्यात, एकाच वेळेला चालवायला लावतात आणि प्रत्येक रीडिंगशेजारी खोलीचं तापमान लिहायला लावतात. 'रीडिंग बराबर शे का?' (बरोबर आहे का?) हा प्रश्न अशा वेळी इंजिनाइतकाच भिंतीवरच्या थर्मामीटरबद्दल असतो.

केळीच्या खोडाचं काम नंतर जोरात आलं. रावेर-यावल पट्ट्यात घड उतरवला की खोड निकामी होतं, कारण एका खोडाला एकदाच घड येतो. त्या खोडात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी. उरलेल्यातून धागा काढायचा, तो सोडियम हायड्रॉक्साइडच्या पातळ द्रावणात बुडवायचा, धुऊन वाळवायचा आणि इपॉक्सी या घट्ट होणाऱ्या रेझिनमध्ये बसवून पट्टी तयार करायची. द्रावणाने धाग्यावरचं मेण आणि लिग्निन निघतं, पकड सुधारते, पण जास्त वेळ ठेवला तर धागाच कमजोर होतो. या पट्ट्यांवर तन्य ताकदीच्या, म्हणजे ताणून बघण्याच्या, चाचण्या भरपूर झाल्या. पट्टी पाणी शोषते, हा खरा प्रश्न आहे, आणि त्यावर त्या मानाने कमी काम झालं. शेतकऱ्याच्या बांधावर चालेल असं, बोटं न कापणारं आणि धागा न तोडणारं यंत्र बनवण्यावर तर आणखीच कमी. ते काम वर्षानुवर्षं चालतं आणि त्यातून पेपर एखादाच निघतो.

इथेच त्या अटीचा मुद्दा येतो.

आयोगाच्या २००९ च्या नियमांनी सांगितलं की प्रबंधाआधी रेफरीड जर्नलमध्ये, म्हणजे बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासून मगच छापणाऱ्या नियतकालिकात, एक शोधनिबंध हवा. फक्त एक. त्याच नियमांनी कोर्सवर्क आणि प्रवेश परीक्षा आणली, प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत जमा करायला लावली. त्यामुळे जळगावचा प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, कुणालाही वाचता येऊ लागला. मला ही अट तेव्हाही योग्य वाटत होती आणि आजही वाटते. ज्या भागात एका विषयातले तज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, तिथे गाईडला न ओळखणाऱ्या बाहेरच्या माणसाने काम एकदा तपासून देणं ही चैन नव्हती, गरज होती.

घात पुढच्या वर्षी झाला. २०१० मध्ये शिक्षकांच्या पदोन्नतीसाठी एपीआय नावाचं गुणांकन आलं. रेफरीड जर्नलमधल्या निबंधाला १५ गुण, रेफरी नसलेल्या पण आयएसएसएन क्रमांक असलेल्या नियतकालिकातल्या निबंधाला १०. आयएसएसएन हा नोंदणीचा क्रमांक आहे, त्याचा दर्जाशी काही संबंध नाही. तरीही तपासून छापलेल्या दोन निबंधांचे ३० गुण, आणि न तपासता छापलेल्या तीन निबंधांचेही ३०. सहा महिने सेटअप उभारणाऱ्याने काय करावं? पैसे भरले की आठवड्यात छापून देणारी जर्नलं निघाली. नावात 'इंटरनॅशनल' असायचंच. पीएच.डी.ची अट आणि पदोन्नतीचे गुण, दोन्ही एकाच पावतीत भागू लागले. म्हणजे बिघाड गुणांकनाने केला आणि आळ आला शोधनिबंधाच्या अटीवर. आजच्या वादात हा क्रम सगळे विसरतात, म्हणून तो पुन्हा मांडणं मला आवश्यक वाटतं.

२०१६ च्या नियमांनी अट आणखी वाढवली: एक निबंध आणि शिवाय परिषदांमध्ये दोन सादरीकरणं. मग परिषदाही वाढल्या. २०१७ मध्ये आयोगाने मान्य जर्नलांची यादी काढली. मे २०१८ मध्ये त्यातली ४,३०५ जर्नलं एका फटक्यात वगळली. ज्या जर्नलमध्ये निबंध स्वीकारला गेला तेच यादीतून उडालं, तर विद्यार्थ्याने पुन्हा कुठे पाठवायचा, किती थांबायचं? नोव्हेंबर २०१८ मध्ये केअर या मान्य जर्नलांच्या नव्या यादीची घोषणा झाली, ती २०१९ च्या मध्यापासून वापरात आली. २०२२ च्या नियमांनी सक्ती काढली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये केअर यादीही बंद झाली. आठ वर्षांत आयोगाने दोन याद्या केल्या आणि दोन्ही सोडून दिल्या. मोठ्या संस्थांना याने फार फरक पडला नाही, कारण कुठे छापायचं हे तिथे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असतं. तोशीस लागली ती आपल्यासारख्यांना. इथे यादी हाच एकमेव सल्लागार होता.

सक्ती काढण्याच्या बाजूचं म्हणणं मी खोटं मानत नाही. वीज सलग मिळत नव्हती त्या काळात उष्णतावहनाचा सेटअप स्थिर अवस्थेला यायला दोन तास लागायचे आणि तेवढ्यात भारनियमन सुरू व्हायचं. सकाळपासून केलेलं सगळं वाया. असा माणूस निबंधाच्या उत्तरासाठी वर्षभर ताटकळला तर त्याचा संताप समजतो. पण त्याला हवं होतं ते चांगलं जर्नल ओळखायला मदत करणारं कोणीतरी आणि मुदतवाढ. अट काढल्याने यातलं काहीच मिळालं नाही.

मधल्या काळात आणखी दोन बदल झाले. २०१७ पासून राज्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाशी संलग्न होण्याची वाट खुली झाली आणि खानदेशातली बरीच अभियांत्रिकी महाविद्यालयं तिकडे गेली. पदवीचं विद्यापीठ बदललं, तर आधीच नोंदणी झालेले संशोधक जुन्या विद्यापीठाचे राहिले. एकाच प्रयोगशाळेत दोन विद्यापीठांचे कागद चालू लागले. दुसरं, मुलांचा ओढा कॉम्प्युटरकडे गेला आणि मेकॅनिकलच्या जागा रिकाम्या राहू लागल्या. विद्यार्थी घटले की शिक्षकांची पदं घटतात, आणि पद गेलं की गाईड जातो. नियमानुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार संशोधक घेता येतात. पण या जागा गाईड नोकरीत असेपर्यंतच. बायोडिझेलचं उद्दिष्टही २०१८ च्या नव्या धोरणात २०३० पर्यंत पाच टक्क्यांवर आलं, त्यामुळे इंजिनाच्या कामाला पूर्वीसारखा जोर राहिला नाही.

आता निबंधाची अट ठेवायची की नाही, हे प्रत्येक विद्यापीठाच्या हातात आहे. दर सत्रात संशोधकाला सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते, ही तरतूद मात्र कायम आहे. बहुतेक ठिकाणी ती पंधरा-वीस स्लाइडमध्ये उरकते. खानदेशातल्या विभागांनी ही बैठक प्रयोगशाळेतच घ्यावी, सेटअप चालू ठेवून. कॅलिब्रेशनचे (मापनयंत्रं अचूक असल्याच्या तपासणीचे) कागद, तारीख आणि खोलीचं तापमान लिहिलेली रीडिंगची मूळ वही समितीने स्वतः चाळावी, आणि एक रीडिंग तिथल्या तिथे पुन्हा घ्यायला सांगावं. समितीवर निदान एक माणूस दुसऱ्या जिल्ह्यातला असावा. यासाठी दिल्लीच्या नव्या नियमाची वाट बघावी लागत नाही.