मान वळली की दृश्यही वळायला हवं

व्हीआर (आभासी वास्तव दाखवणारा) चष्मा घातलेल्या माणसासमोर अचानक खोल खड्डा उघडला, की तो एक पाऊल मागे सरतो. पायाखाली सपाट फरशी आहे हे त्याला पक्कं ठाऊक असतं, तरी छाती धडधडते. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या संशोधकांनी अशाच आभासी खड्ड्याच्या काठावर उभ्या असलेल्यांच्या हृदयाचे ठोके मोजले होते. २००२ साली त्यांनी निष्कर्ष मांडला: ठोके खरोखर वाढतात.

मग एवढी पकड कशाची? चित्राच्या सफाईची तर नक्कीच नाही. चष्म्यात बघायचा, चहूबाजूंचं दृश्य दाखवणारा ३६० अंशांचा व्हिडिओ घ्या. तो फोर-के असेल तर त्यात आडवे ३८४० पिक्सेल असतात. ते ३६० अंशांत वाटले, की एका अंशाला जेमतेम ११ पिक्सेल येतात. निरोगी डोळ्याला अंशाला सुमारे ६० टिपता येतात. म्हणजे एरवी चकचकीत भासणारं हे चित्र चष्म्यात बऱ्यापैकी भुरकट असतं. पण मान वळवली की दृश्यही त्याच क्षणी वळतं, आणि मेंदूला आयुष्यभर हाच अनुभव असतो. मान वळणं आणि चित्र बदलणं यांत साधारण २० मिलिसेकंदांहून जास्त वेळ गेला, तर मात्र काहीतरी खटकू लागतं.

संशोधक मेल स्लेटर यांनी २००९ मध्ये यात दोन वेगळे भास असल्याचं मांडलं: ‘मी तिथं आहे’ आणि ‘हे खरंच घडतंय’. दुसरा भास जास्त नाजूक, आणि माझ्या मते व्हिडिओ बनवणारे त्याकडेच कमी लक्ष देतात. पात्रानं थेट कॅमेऱ्याकडे पाहिलं, की प्रेक्षकाला आपली दखल घेतल्यासारखं वाटतं. कॅमेरा टेबलावर ठेवला तर प्रेक्षकही टेबलावरच बसतो, आणि समोरची माणसं विचित्र उंच दिसू लागतात. टेबलाखाली डोकावायला वाकलात तर भासच कोसळतो. साधा ३६० अंशांचा व्हिडिओ एकाच बिंदूवरून टिपलेला असतो, म्हणून तुमच्याबरोबर अख्खी खोलीच खाली सरकते.

इथं दिग्दर्शकाच्या हातून चौकट सुटलेली असते. प्रेक्षक भलतीकडेच पाहत असेल तर? अशा वेळी आवाज कामी येतो. उजवीकडून आलेला आवाज डाव्या कानाला किंचित उशिरा पोचतो. हा फरक एका मिलिसेकंदाहूनही कमी, पण मान आपोआप वळते. कॅमेरा भरधाव पळवणं हा मात्र आतबट्ट्याचा व्यवहार. डोळे म्हणतात धावतोय, तोल सांभाळणारा आतला कान म्हणतो बसलोय, आणि मळमळ सुरू होते.

यूट्यूबवर ३६० अंशांचे व्हिडिओ २०१५ पासून आहेत, पण ते फोनवर बोटानं सरकवूनही पाहता येतात. त्यात मान स्थिरच राहते, त्यामुळे ‘तिथं असण्याचा’ भास जवळपास उरत नाही. अशा प्रेक्षकाला धरून ठेवायचं तर मुख्य घटना पहिल्या काही सेकंदांत समोरच घडवावी लागते. त्याला पाठीमागे बघायला लावण्यात अर्थ नसतो.