चित्रकथांचे चित्रपट-माध्यमांतर

चित्रकथा, कॉमिक्स किंवा ग्राफिक कादंबरी यांवरून चित्रपट करताना मूळ कृतीतले काय टिकते, काय बदलते आणि त्या बदलाने तिच्या आशयाचे काय होते, हा मूळनिष्ठेचा प्रश्न आहे. कादंबरीवरील चित्रपटांबाबत ही चर्चा जुनी आहे. चित्रकथेच्या बाबतीत ती अधिक अवघड होते, कारण इथे वाचकाने पात्र आधीच पाहिलेले असते. कादंबरीचा नायक प्रत्येकाच्या मनात वेगळा दिसतो. बॅटमनचा मुखवटा मात्र सगळ्यांनी एकच पाहिलेला असतो. त्यामुळे पान आणि पडदा शेजारी ठेवून ताडून पाहण्याचा मोह होतो आणि वेशभूषा, रंग, चौकट जुळली की चित्रपट मूळनिष्ठ ठरवला जातो. ही कसोटी अपुरी आहे. चित्रकथेत चित्र हे निम्मेच काम करते. उरलेले काम पानाची मांडणी करते, आणि माध्यमांतराची खरी अडचण तिथे आहे.

पान आणि पडदा

चित्रकथेतला काळ चौकटींमध्ये विभागलेला असतो. एका चौकटीत दारावर थाप पडते, पुढच्या चौकटीत खोली रिकामी दिसते. मधल्या पांढऱ्या पट्टीत काय घडले आणि त्याला किती वेळ लागला, हे वाचक ठरवतो. एका चौकटीवर किती रेंगाळायचे, मागे जाऊन काय पुन्हा पाहायचे, हेही त्याच्याच हाती असते. शिवाय एक चौकट वाचताना संपूर्ण पान डोळ्यांच्या कडेला दिसतच असते. चित्रपटात हा ताबा दिग्दर्शक आणि संकलकाकडे जातो. प्रेक्षक त्यांच्या वेगाने पुढे सरकतो आणि आधीची प्रतिमा पुढची आली की नाहीशी होते. फुग्यातला संवाद वाचकाच्या मनातल्या आवाजात उमटतो, पडद्यावर तो एका ठरावीक नटाचा होतो.

अ‍ॅलन मूर (लेखन) आणि डेव्ह गिबन्स (रेखाटन) यांची ‘वॉचमेन’ ही 1986-87 मध्ये 12 अंकांत प्रसिद्ध झालेली, महानायकांवरची (सुपरहिरोंवरची) मालिका या फरकाचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. तिची बहुतेक पाने नऊ चौकटींच्या जाळीत बसवलेली आहेत, आणि ही जाळी कथनाचेच एक अंग आहे. पाचव्या अंकाची रचना आरशातल्या प्रतिबिंबासारखी आहे: पहिले पान शेवटच्या पानाशी जुळते, दुसरे उपांत्य पानाशी, आणि अंकाच्या नेमक्या मध्यभागी दोन पानांवर पसरलेले हाणामारीचे दृश्य येते. चौथ्या अंकात अमानवी शक्ती लाभलेला डॉक्टर मॅनहॅटन मंगळावर बसून आपले आयुष्य आठवतो. त्याच्यासाठी भूत, वर्तमान आणि भविष्य एकाच वेळी घडत असतात, आणि सगळ्या चौकटी एकाच पानावर समोर असल्याने वाचकालाही काळ तसाच अनुभवता येतो. टेरी गिलियमसारख्या दिग्दर्शकाने प्रयत्न करून या कृतीचा नाद सोडला, यात नवल नाही.

अखेर झॅक स्नायडर यांनी 2009 मध्ये ती पडद्यावर आणली. चित्रपटगृहात दाखवलेली आवृत्ती 162 मिनिटांची होती. वेशभूषा, नेपथ्य, कित्येक संवाद आणि कॅमेऱ्याचे कोन थेट गिबन्स यांच्या चौकटींवरून घेतलेले आहेत. सर्वाधिक वाद झाला तो शेवटावर. मूळ कथेत ओझिमँडियस हा त्या महानायकांपैकीच एक न्यूयॉर्कवर एक अवाढव्य कृत्रिम जीव सोडतो. लाखो माणसे मरतात आणि परग्रहावरून हल्ला झाला असे समजून अमेरिका व सोव्हिएत संघ अणुयुद्धाच्या उंबरठ्यावरून मागे फिरतात. चित्रपटात जगातल्या अनेक शहरांत स्फोट होतात आणि त्यांचे खापर डॉक्टर मॅनहॅटनवर फोडले जाते. हा बदल पटकथेच्या सोयीचा होता. त्या जीवाची सगळी पूर्वतयारी गाळता आली. पण त्यातले राजकीय गणित कच्चे राहिले. मॅनहॅटन हे आतापर्यंत अमेरिकेचेच अस्त्र होते. ते उलटले म्हणून मॉस्को वॉशिंग्टनशी हातमिळवणी करेल, हे पटणे कठीण आहे.

माझ्या मते याहून मोठे नुकसान एका कोपऱ्यावर झाले. पुस्तकात न्यूयॉर्कच्या एका चौकात वर्तमानपत्रे विकणारा म्हातारा आणि त्याच्या ठेल्याशेजारी फुकटात समुद्री चाच्यांचे कॉमिक्स वाचत बसलेला मुलगा पुन्हा पुन्हा भेटतात. महानायकांच्या गोष्टीत ही साधी माणसे कशाला, असे आरंभी वाटते. अकराव्या अंकाच्या शेवटी ती दोघे एकमेकांना बिलगतात आणि पांढऱ्या प्रकाशात विरून जातात, तेव्हा लाखोंच्या मृत्यूला चेहरे मिळतात. चित्रपटगृहातल्या आवृत्तीत त्यांना जवळजवळ वाव नाही, म्हणून शहर नष्ट होताना पाहूनही आत काही तुटत नाही. चाच्यांची उपकथा वेगळ्या ॲनिमेशनपटाच्या रूपात आली आणि पुढे 215 मिनिटांच्या विस्तारित आवृत्तीत गुंफली गेली. उलट चित्रपटातला सर्वांत अस्सल भाग म्हणजे सुरुवातीची श्रेयनामावली. मुखवटेधारी नायकांचा उदय आणि ऱ्हास जवळजवळ निश्चल, छायाचित्रांसारख्या दृश्यांतून तिथे उलगडतो. असा सलग प्रसंग पुस्तकात नाही, पण पुस्तकाचा आत्मा तिथे भेटतो.

मूर यांनी या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत आपले नाव येऊ दिले नाही; तिथे फक्त गिबन्स यांचा उल्लेख आहे. त्याआधी त्यांच्याच कॉमिक्सवरून झालेल्या ‘व्ही फॉर व्हेन्डेटा’ या चित्रपटाबाबतही त्यांनी हीच भूमिका घेतली होती. 2019 मध्ये एचबीओ वाहिनीवर डेमन लिंडेलॉफ यांची ‘वॉचमेन’ मालिका आली. तिने मूळ कथेला हात न लावता अनेक वर्षांनंतरच्या अमेरिकेची नवी कथा सांगितली आणि 1921 मध्ये अमेरिकेतल्या टल्सा शहरात झालेल्या कृष्णवर्णीयांच्या हत्याकांडापासून सुरुवात केली. पुस्तकातला तो महाकाय जीव तिच्या जगात घडून गेलेला इतिहास आहे. चित्रपटाने कथा राखून शेवट बदलला, मालिकेने शेवट राखून पुढची कथा रचली.

चौकटीबरहुकूम चित्रपट

फ्रँक मिलर यांची ‘सिन सिटी’ ही मालिका रॉबर्ट रॉड्रिगेझ यांनी 2005 मध्ये पडद्यावर आणली तेव्हा पुस्तकाची पानेच दृश्यआराखडा म्हणून वापरली. मिलर यांना सहदिग्दर्शकाचे श्रेय मिळावे यासाठी रॉड्रिगेझ यांनी अमेरिकेतल्या दिग्दर्शक संघटनेचे सदस्यत्व सोडले. नटांचे चित्रीकरण हिरव्या पडद्यापुढे झाले आणि शहर संगणकावर उभारले गेले. मिलर यांच्या शाईतला निखळ काळा आणि निखळ पांढरा, मधे कुठे करडी छटा नाही, आणि एखाद्याच वस्तूला दिलेला रंग, हे सारे चित्रपटात थक्क करणाऱ्या अचूकतेने उतरले आहे.

तरीही पाहताना एक गोष्ट खटकते. पुस्तकात नायकाचे स्वगत चित्राशेजारी असते. नजर दोन्ही एकदम टिपते आणि पुढे जाते. चित्रपटात तेच स्वगत आवाजाच्या रूपाने सतत ऐकू येते आणि डोळ्यांना दिसणारी गोष्ट कानांना पुन्हा सांगते. शब्द न् शब्द तोच असूनही त्याचे वजन बदलले आहे.

मिलर यांच्याच, प्राचीन ग्रीसमधल्या स्पार्टाच्या योद्ध्यांवरील 1998 च्या ‘300’वर स्नायडर यांनी केलेला चित्रपट मूळ चित्रांच्या अधिक जवळ वाटतो. त्याचे एक साधे कारण पुस्तकाच्या आकारात आहे. लिन व्हार्ली यांनी रंगवलेली ही कथा समोरासमोरची दोन पाने मिळून एक असे आडवे, रुंद चित्र कल्पून रचलेली होती आणि पुस्तकरूपानेही ती आडव्या आकारातच निघाली. म्हणजे पानाची चौकट मुळातच पडद्याच्या प्रमाणाची होती. स्पार्टातल्या राणीचे राजकारण ही भर मात्र चित्रपटाची.

लेखकाच्याच हातून

मूळ लेखकाने स्वतः चित्रपटात भाग घेतला की मूळनिष्ठा आपोआप येते, असा एक समज आहे. प्रत्यक्षात लेखक इतरांपेक्षा अधिक मोकळेपणाने बदल करताना दिसतात. ‘घोस्ट वर्ल्ड’ (2001) या चित्रपटाची पटकथा डॅनियल क्लाउज यांनी दिग्दर्शक टेरी झ्विगॉफ यांच्याबरोबर लिहिली. पुस्तकाच्या केंद्रस्थानी दोन मैत्रिणींचे हळूहळू विरत जाणारे नाते होते. चित्रपटाचा मोठा भाग जुन्या ध्वनिमुद्रिका जमवणाऱ्या सीमोर या एकाकी माणसाला मिळाला. कात्सुहिरो ओतोमो यांनी ‘अकिरा’चा चित्रपट 1988 मध्ये केला तेव्हा त्यांची मूळ मांगा (जपानी चित्रकथा) मालिका संपायला दोन वर्षे बाकी होती. सहा जाडजूड खंडांचा पसारा दोन तासांत बसवताना उत्तरार्धाचा बहुतांश भाग गेला. मांगात अकिरा हा जिवंत मुलगा आहे, चित्रपटात काचेच्या बरण्यांत जपलेले त्याचे अवशेष तेवढे उरतात.

मार्जान सत्रापी यांच्या ‘पर्सेपोलिस’कडे मात्र थांबून पाहायला हवे. इराणमधली क्रांती, इराकशी युद्ध, व्हिएन्नातले एकटेपण आणि फ्रान्सकडे प्रयाण अशी ही आत्मकथा 2000 ते 2003 या काळात फ्रेंचमध्ये चार भागांत प्रसिद्ध झाली. सत्रापी आणि व्हँसाँ पारोनो यांनी 2007 मध्ये तिचा चित्रपट केला तो हाताने रेखाटलेल्या ॲनिमेशनमध्ये, आणि तो मुख्यतः कृष्णधवल ठेवला. खरे नट घेतले असते तर तेहरान हे परक्या चेहऱ्यांचे कुठलेसे दूरचे शहर झाले असते. चार रेषांचा चेहरा कोणाचाही असू शकतो, म्हणून ती मुलगी कोणत्याही देशातल्या प्रेक्षकाला आपली वाटते. पुस्तकाचे हे मर्म चित्रपटाने जपले.

तरी तो पुस्तकाची नक्कल नाही. पुस्तकात सपाट काळेपांढरे आहे. चित्रपटाने करड्या छटा, धुके आणि खोली आणली. पॅरिसच्या ओर्ली विमानतळावर बसलेली प्रौढ मार्जान आणि तिच्या आठवणी, अशी चौकटकथा जोडली आणि तेवढाच भाग रंगीत ठेवला. आठवणी कृष्णधवल आणि परागंदा वर्तमान रंगीत, ही कल्पना पानावर नव्हती. ती पडद्याला सुचलेली आहे. कान महोत्सवात या चित्रपटाला परीक्षक मंडळाचा पुरस्कार विभागून मिळाला.

‘अमेरिकन स्प्लेंडर’ (2003) मध्ये तर रूपबंधच कथानक झाला आहे. क्लीव्हलँडच्या रुग्णालयात फायली सांभाळणारे हार्वी पिकार 1976 पासून स्वतःच्या रोजच्या जगण्यावर कॉमिक्स लिहीत. त्यांना चित्रे काढता येत नसत. रॉबर्ट क्रम्ब यांच्यासह अनेकांनी ती काढली, त्यामुळे प्रत्येक गोष्टीतले पिकार वेगळे दिसत. शारी स्प्रिंगर बर्मन आणि रॉबर्ट पुलचिनी यांनी चित्रपटात नेमके हेच राखले. पॉल जियामाटी यांनी रंगवलेले पिकार, खुद्द पिकार आणि रेखाटलेले पिकार एकाच चित्रपटात वावरतात. चौकटी हुबेहूब उतरवण्यावर भर न देता साधलेली इतकी सखोल निष्ठा मला अन्यत्र दिसलेली नाही.

मूळ कोणते?

महानायकांच्या बाबतीत प्रश्नच बदलतो. बॅटमन 1939 पासून शेकडो हातांनी लिहिला-रेखाटला आहे आणि त्या कथा एकमेकींशी विसंगतही आहेत. त्यामुळे निष्ठा राखायची ती एखाद्या कालखंडाशी किंवा पात्राच्या स्वभावाशी. त्यातच हक्कांचे व्यवहार आडवे येतात. 2006-07 च्या ‘सिव्हिल वॉर’ या मार्व्हल मालिकेत वाद होता तो गुप्त ओळखी सरकारदरबारी नोंदवण्याचा. 2016 च्या चित्रपटातल्या बहुतेक नायकांना गुप्त ओळखच नव्हती आणि एक्स-मेन या मार्व्हलच्याच नायकगटाचे चित्रपट-हक्क तेव्हा दुसऱ्या कंपनीकडे होते. साहजिकच वादाचे कारण बदलले आणि युद्धभूमी आक्रसून एका विमानतळापुरती झाली.

भारतातल्या, त्यातही मराठी वाचकांना हा प्रश्न वेताळामुळे जवळून कळतो. ली फॉक यांनी 1936 मध्ये निर्मिलेला फँटम, म्हणजेच आपला वेताळ, 1964 पासून इंद्रजाल कॉमिक्समधून घरोघरी पोहोचला तो बदललेल्या नावांनिशी. बंगालशी साम्य नको म्हणून त्याचा देश डेंकाली झाला आणि सिंग चाचे सिंगा झाले. 1996 च्या हॉलिवूडपटात बिली झेन यांचा फँटम आला तेव्हा देश बेंगाला होता आणि चाच्यांची टोळी सेंघ. इंद्रजालवर वाढलेल्या वाचकाला ही नावे चुकीची वाटली, तर त्याला दोष देता येणार नाही. त्याचे मूळच वेगळे होते.

मराठीत असा प्रयोग ‘चिंटू’चा झाला. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ही चित्रमालिका 1991 मध्ये ‘सकाळ’ दैनिकात सुरू झाली. श्रीरंग गोडबोले यांनी 2012 मध्ये ‘चिंटू’ आणि 2013 मध्ये ‘चिंटू 2: खजिन्याची चित्तरकथा’ हे चित्रपट केले. रोजच्या दोन-चार चौकटींत घरातला एखादा लहानसा क्षण पकडणे हे चिंटूचे बळ. त्यात कथानक नसते, खलनायक नसतो आणि चिंटू वर्षानुवर्षे तेवढाच राहतो. दोन तासांच्या चित्रपटाला यातले काहीच चालत नाही. तिथे संकट हवे, शोध हवा, शेवट हवा. म्हणून चित्रपटांत राहिली ती पप्पू, मिनी, बगळ्या ही टोळी आणि कॉलनीतले वातावरण. मालिकेचा संथ, किरकोळ वाटणारा गोडवा मात्र अशा लांबीत मावत नाही. छोट्या छोट्या स्वतंत्र भागांचे रूप त्याला अधिक मानवले असते.

ॲनिमेशनचा मार्ग

बेल्जियन चित्रकार हर्जे यांच्या टिनटिन या कॉमिक्स-नायकावर स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी 2011 मध्ये केलेला चित्रपट नटांच्या हालचाली संगणकाने टिपून बनवला. त्यात तीन पुस्तकांतले प्रसंग एकत्र गुंफले आहेत. हर्जे यांची स्वच्छ, एकसारख्या जाडीची रेषा आणि सपाट रंग यांची जागा त्वचेच्या रंध्रांनी आणि कापडाच्या पोताने घेतली, आणि टिनटिनचा चेहरा अनोळखी झाला. याउलट ‘स्पायडर-मॅन: इन्टू द स्पायडर-व्हर्स’ (2018) या ऑस्करविजेत्या ॲनिमेशनपटाने छपाईचे ठिपके, फुगे, निवेदनाच्या चौकटी आणि रंग किंचित सरकल्याचा जुन्या छपाईतला दोषसुद्धा पडद्यावर आणला. नवखा स्पायडर-मॅन माइल्स याच्या हालचाली काही प्रसंगांत एकेक चित्र दोन फ्रेमपर्यंत थांबवून दाखवल्या आहेत, तर त्याच दृश्यात सराईत स्पायडर-मॅन पीटर प्रत्येक फ्रेमला हलतो. माइल्स अजून अडखळतो आहे, हे प्रेक्षकाला कोणी न सांगता जाणवते.