नदीमुखातील नायट्रेटाचा समस्थानिकी मागोवा

नदीमुखाच्या पाण्यातील नायट्रेट कोठून आले व वाटेत त्याचे काय झाले, हे त्यातील नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या स्थिर समस्थानिकांच्या (एकाच मूलद्रव्याच्या, किरणोत्सर्गी नसलेल्या, वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या) प्रमाणावरून ठरविण्याची पद्धती. नायट्रोजन-१५ चे प्रमाण हवेतील नायट्रोजनाशी व ऑक्सिजन-१८ चे सागरजलाच्या आंतरराष्ट्रीय मानकाशी ताडून फरक दर हजारी (‰), म्हणजे ‘डेल्टा’ मूल्यात, मांडतात.

पद्धतीचा उगम सामान्यतः १९७१ मध्ये धरला जातो. कोल, शिअरर व कॉमनर यांनी इलिनॉयमधील सँगमन नदीच्या खोऱ्यात केवळ नायट्रोजन-१५ वरून रासायनिक खताचा वाटा निम्म्याहून अधिक असल्याचे अनुमान काढले. पुढच्याच वर्षी हाउक व इतर मृदाशास्त्रज्ञांनी त्यावर आक्षेप घेतला : मातीतील मूल्ये मुळातच विस्तृत पसरलेली असतात आणि सूक्ष्मजीवांच्या क्रियांनी ती बदलतात. हा आक्षेप आजही ग्राह्य वाटतो; ऑक्सिजन-१८ च्या मापनाची जोड मिळाल्याने तो सौम्य झाला, संपला नाही.

कृत्रिम खतांचे नायट्रोजन मूल्य साधारण −४ ते +४‰, तर शेणखत व मैलापाण्यापासून बनलेल्या नायट्रेटाचे +७ ते +२०‰ असते. मातीतील नायट्रेट या दोहोंच्या मध्ये दोन्हीकडे सरमिसळ होईल असे पडते. पावसातून येणारे नायट्रेट मात्र ऑक्सिजनावरून सहज ओळखू येते (सुमारे +६० ते +९५‰).

नदीमुखात प्रथम मिश्रणवक्र, म्हणजे नदीचे व समुद्राचे पाणी नुसते मिसळल्यास मूल्ये कशी बदलतील याची रेषा, काढावा लागतो. नायट्रेटाची संहती लवणतेनुसार सरळ रेषेत उतरते, डेल्टा मूल्य मात्र संहतीने भारित असल्याने वक्ररेषेत जाते. नदीकडे १०० मायक्रोमोल प्रतिलिटर व +८‰, समुद्राकडे ५ मायक्रोमोल व +५‰ असेल, तर निम्म्या-निम्म्या मिश्रणाचे मूल्य +६.५ नव्हे, +७.९‰ येते. सरळ रेषा गृहीत धरली, की नसलेली प्रक्रिया ‘सापडते’. नदीचे पाणी मुखात आठवडेच्या आठवडे रेंगाळत असेल, तर नदीकडील टोकाचे मूल्य एकाच दिवसाच्या नमुन्यावरून घेणेही धोक्याचे.

वक्रापासूनचे विचलन प्रक्रियेचे निदर्शक असते. वनस्पतिप्लवक (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती) व विनायट्रीकरण करणारे, म्हणजे नायट्रेटाचे नायट्रोजन वायूत रूपांतर करणारे, जीवाणू हलक्या समस्थानिकांचे नायट्रेट आधी वापरतात. उरलेले जड होते. प्लवकांच्या वापरात दोन्ही मूल्ये जवळजवळ १:१ वाढतात. विनायट्रीकरणात प्रयोगशाळेत वाढवलेल्या सागरी जीवाणूंच्या संवर्धांमध्येही १:१ आढळते, परंतु भूजलात ऑक्सिजनाची वाढ नायट्रोजनाच्या ०.५ ते ०.७ पट दिसते. याचे कारण वादग्रस्त आहे. काही जण पेशीतील नायट्रेटाचे क्षपण करणाऱ्या भिन्न विकराकडे (एंझाइमाकडे) बोट दाखवतात. ग्रेंजर व वँकेल (२०१६) यांच्या मते त्याच वेळी चालू असलेले नायट्रीकरण (अमोनियमपासून नायट्रेट बनणे) किंवा अॅनॅमॉक्स (ऑक्सिजनाविना अमोनियम व नायट्राइट यांपासून नायट्रोजन वायू बनणे) हे कारण असावे. नदीमुखांपुरते दुसरे मत अधिक पटणारे आहे.

गाळातील विनायट्रीकरण बहुधा जवळजवळ खूण सोडत नाही. गाळात झिरपलेले नायट्रेट तेथेच संपते, जड अवशेष बाहेर पडत नाही. जलस्तंभातील (गाळावरच्या पाण्यातील) विनायट्रीकरणाच्या २० ते ३०‰ समस्थानिकी परिणामाऐवजी ० ते ३‰ एवढाच दिसतो. त्यामुळे संहती घटली, पण मूल्य तसेच राहिले, तर गाळाकडे पाहावे.

नायट्रीकरणात नवे नायट्रेट बनते. त्याचा एक ऑक्सिजन हवेचा व दोन पाण्याचे, हा जुना नियम सागरजलात सुमारे +८‰ देतो. प्रत्यक्षात मूल्य पाण्यापेक्षा थोडेच जास्त भरते. शिवाय पाण्याचे स्वतःचे ऑक्सिजन मूल्य लवणतेबरोबर बदलते, म्हणून तेही मोजावे. सेन नदीत पॅरिसच्या सांडपाण्यातील अमोनियम मुखाकडे जाऊन नायट्रेट बनत असल्याचे नायट्रोजन-१५ वरून दिसले.

नमुना ताबडतोब ०.२ मायक्रॉन गाळणीतून काढून −२०° से. तापमानाला गोठवतात. नायट्राइट असल्यास सल्फॅमिक आम्लाने आधी काढावे, अन्यथा ऑक्सिजनाचे मूल्य बिघडते. नायट्रेटाचे सिल्व्हर नायट्रेट बनवून मोजण्याची जुनी रीत खाऱ्या पाण्यात क्लोराइडमुळे निरुपयोगी ठरते. नायट्रेटाचे नायट्रस ऑक्साइड वायूत रूपांतर करून त्याच्या पुढे न जाणाऱ्या स्यूडोमोनास जीवाणूंची रीत (सिगमन व इतर, २००१) १० ते २० नॅनोमोल नायट्रेटावर चालते. कॅडमियम-अझाइड रीतीत (२००५) कॅडमियमने नायट्रेटाचे नायट्राइट व अझाइडने त्याचे नायट्रस ऑक्साइड करतात; या वायूतील दोनपैकी एक नायट्रोजन अझाइडचा असल्याने मोजलेला फरक निम्मा होतो, आणि अभिक्रिया लवणतेवर अवलंबून राहते. मानके नमुन्याइतक्याच खारटपणाच्या, नायट्रेटरहित पाण्यात बनवावी लागतात. ऑक्सिजनासाठी यूएसजीएस-३४ (−२७.९‰) व यूएसजीएस-३५ (+५७.५‰) या ज्ञात मूल्याच्या नायट्रेट मानकांची दोन्ही टोके प्रत्येक फेरीत घेतात, कारण वायू बनताना पाण्याशी होणारी ऑक्सिजनाची देवाणघेवाण त्यांच्यातील आक्रसलेल्या अंतरावरूनच दुरुस्त करता येते.