हॉलिवूड म्युझिकलमधले ऑपेरा गायक

ऑपेराच्या रंगमंचावर नाव कमावलेल्या गायक-गायिकांना मुख्य भूमिकेत घेऊन हॉलिवूडच्या स्टुडिओंनी साधारण १९३० ते १९५५ या काळात जे गाण्यांचे सिनेमे काढले, त्यांचा हा प्रकार. ऑपरेटा (म्हणजे हलकाफुलका, संवाद असलेला ऑपेरा), रोमँटिक कॉमेडी, गायकाचं चरित्र अशा वेगवेगळ्या खणांत हे सिनेमे विखुरलेले सापडतात.

सुरुवात कुठून धरायची याबद्दल एकमत नाही. काहीजण थेट मूकपटांपर्यंत मागे जातात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराची गायिका जेराल्डिन फॅरार १९१५ मध्ये सेसिल बी. डीमिलच्या ‘कार्मेन’मध्ये होती आणि खुद्द नामवंत टेनर (उंच पट्टीचा पुरुष गायक) एन्रिको कारुसो १९१८ च्या ‘माय कझिन’मध्ये, पण गायक घ्यायचा आणि त्याचा आवाजच ऐकू येत नाही म्हटल्यावर ही सुरुवात मानणं जरा ओढूनताणूनच होतं (फॅरारचा सिनेमा चालला, कारुसोचा पडला). दुसरा पक्ष ६ ऑगस्ट १९२६ ही तारीख धरतो. त्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये वॉर्नर ब्रदर्सने व्हायटाफोनचा, म्हणजे रेकॉर्डवरचा आवाज चित्राशी जुळवण्याच्या पद्धतीचा, पहिला जाहीर खेळ लावला आणि मुख्य सिनेमाआधी गाण्या-वाजवण्याच्या छोट्या फिल्म दाखवल्या. त्यात टेनर जिओव्हानी मार्टिनेल्लीचं ‘पाल्याची’ या ऑपेरातलं विदूषकाचं गाणं लोकांनी डोक्यावर घेतलं, गायिका मॅरियन टॅलीला मात्र समीक्षकांनी झोडपलं. पण या फिल्ममध्ये कथाच नाही, तेव्हा त्यांना म्युझिकल कसं म्हणायचं? तिसरं मत १९३० च्या ‘द रोग साँग’चं. त्यासाठी ऑपेरा गायक लॉरेन्स टिबेटला ऑस्करचं नामांकन मिळालं होतं, सिनेमा दोनरंगी टेक्निकलरमध्ये होता, आज त्याचे तुकडेच शिल्लक आहेत. त्याच वर्षी ऑपेरा गायिका ग्रेस मूरचे पहिले दोन सिनेमे चालले नाहीत आणि एकूणच म्युझिकलचा बाजार बसला. म्हणून सलग परंपरा बघायची तर मूरच्याच ‘वन नाइट ऑफ लव्ह’पासून, म्हणजे १९३४ पासून मोजणं जास्त पटतं. त्यानंतर आरकेओने लिली पॉन्सला, पॅरामाउंटने ग्लॅडिस स्वार्थाउटला घेतलं, प्रत्येक स्टुडिओला आपली एक गायिका हवीच झाली.

‘वन नाइट ऑफ लव्ह’च्या यशात ध्वनिमुद्रणाचा वाटा बराच मोठा आहे. नेहमीच्या रेकॉर्डवर खाच डावी-उजवीकडे हलत जाते, त्यामुळे सोप्रानोने, म्हणजे सर्वात उंच पट्टीच्या गायिकेने, वरचा सूर जोरात लावला की खाच फाकते आणि शेजारच्या खाचेत घुसायची भीती असते, म्हणून आवाज दाबूनच घ्यावा लागायचा. हा सिनेमा काढणाऱ्या कोलंबिया स्टुडिओने इथे उभ्या खाचेची पद्धत वापरली, म्हणजे सुई बाजूला न हलता खाली-वर होते, खोली कमीजास्त होते. यासाठी अकादमीने कोलंबियाला वेगळं तांत्रिक पारितोषिक दिलं, शिवाय ध्वनिमुद्रण आणि संगीताचे ऑस्करही याच सिनेमाला मिळाले, आणि संगीताचं तर त्या वर्षी पहिल्यांदाच दिलं गेलं. दुसरी गोष्ट प्लेबॅकची. आधी गाणं रेकॉर्ड करायचं आणि मग त्यावर ओठ हलवत शूटिंग करायचं, ही पद्धत १९२९ च्या ‘द ब्रॉडवे मेलडी’पासून रुळली असं साधारणपणे मानतात. ऑपेरा गायकांना तिचा फायदा इतरांपेक्षा जास्त झाला, कारण पूर्ण ताकदीने गाताना जबडा केवढा उघडतो आणि मानेच्या शिरा कशा ताठतात हे क्लोजअपमध्ये कोणालाच बघायचं नसतं.

आकर्षणाचं मूळही इथेच असावं. हा आवाज माइकशिवाय, ऑर्केस्ट्राच्या वरून शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला घडवलेला, आणि सिनेमात तोच आवाज हातभर अंतरावरच्या चेहऱ्यातून येतो. शिवाय मंदीच्या दिवसांत सिनेमाच्या तिकिटात मेट्रोपॉलिटनची गायिका ऐकायला मिळायची, तीही तीन-चार तासांचा ऑपेरा न सोसता, निवडक पदांपुरतं संगीत नाटक बघावं तशी. दर्दी लोक नाकं मुरडायचे, आणि तसं कारणही होतं. ‘मेटाइम’मध्ये (१९३७) नायिका जो भव्य ऑपेरा गाते तो मुळात अस्तित्वातच नाही, चायकोव्हस्कीच्या पाचव्या सिंफनीवरून तो शिवून काढलाय. त्यातली जोडी नेल्सन एडी आणि जेनेट मॅक्डोनाल्ड, १९३५ ते १९४२ मध्ये आठ सिनेमे एकत्र. एडी ऑपेरातून आलेला, मॅक्डोनाल्ड मात्र ऑपेराच्या रंगमंचावर उभी राहिली ती १९४३ मध्ये, म्हणजे सगळं नाव होऊन गेल्यावर.

मुंबईत रीगल थिएटर १९३३ मध्ये उघडलं ते ‘द डेव्हिल्स ब्रदर’ने. तो फ्रेंच संगीतकार ओबेरच्या ‘फ्रा दियाव्होलो’ या ऑपेरावर बेतलेला आणि गाणारा नायक डेनिस किंग, पण गर्दी झाली असेल ती जाड्या-रड्यासाठी.

चाळिशीच्या दशकात एमजीएममध्ये निर्माता जो पास्टरनॅकने जर्मन संगीतकार वाग्नरचे ऑपेरा गाणारा धिप्पाड टेनर लॉरिट्झ मेल्खिओरला एस्थर विल्यम्सच्या पोहण्याच्या सिनेमांत आणलं. ‘टू सिस्टर्स फ्रॉम बॉस्टन’मध्ये (१९४६) तो जुन्या पद्धतीच्या भोंग्यात तोंड घालून गाणं रेकॉर्ड करतो तो प्रसंग आजही बघण्यासारखा आहे. नंतर मारिओ लान्झा. त्याने रंगमंचावर पूर्ण ऑपेरा फारसा केलाच नाही, तरी ‘द ग्रेट कारुसो’ने (१९५१) जगभर धंदा केला आणि पुढे टेनर म्हणून गाजलेला होसे कारेरास लहानपणी तो बघूनच गाण्याकडे वळला. ‘द स्टुडंट प्रिन्स’मध्ये (१९५४) आवाज लान्झाचा आणि चेहरा एडमंड पर्डमचा, आपल्याला यात काहीच नवल वाटू नये. १९५९ मध्ये रोममध्ये लान्झा गेला तेव्हा ३८ वर्षांचा होता, आणि तोवर हा प्रकार जवळपास संपलेलाच होता. १९८२ मध्ये एमजीएमने इटालियन टेनर पावारोत्तीला घेऊन ‘यस, जॉर्जिओ’ काढला, तो साफ पडला.