बायस्टँडर इफेक्ट
एखाद्याला मदत हवी असताना आजूबाजूला बघे जितके जास्त, तितकी त्यातला एकेक माणूस पुढे होण्याची शक्यता कमी, ह्याला बायस्टँडर इफेक्ट म्हणतात. घोडबंदर रोडवर पावसात बाईक स्लिप होते, दोन मिनिटांत पंधरा-वीस जण गोळा होतात, कोणी गाडी उचलून साइडला लावतं, कोणी पाणी आणतं, आणि १०८ ला फोन मात्र कोणीच केलेला नसतो कारण प्रत्येकाला वाटतं एव्हाना कोणीतरी केलाच असेल.

अभ्यास सुरू झाला तो न्यूयॉर्कमधल्या किटी जेनोवीझ या तरुणीच्या खुनानंतर, १९६४ साली. ३८ जण नुसते बघत राहिले अशी बातमी आली होती, ती बरीच फुगवलेली निघाली, तरी अजून तशीच सांगितली जाते हे वाईट आहे. मग १९६८ मध्ये जॉन डार्ली आणि बिब लाटाने या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून इंटरकॉमवर एकाला फिट आल्याचं ऐकवलं. आपण एकटेच ऐकतोय असं वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के फिट संपायच्या आत मदतीसाठी उठले, अजून चौघं ऐकतायत असं वाटणाऱ्यांपैकी फक्त ३१ टक्के. पण जे उठले नाहीत त्यांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम फुटला होता, म्हणजे त्यांना काही वाटत नव्हतं असं म्हणणं अन्यायाचं आहे.

कारण जबाबदारी सगळ्यांमध्ये वाटली जाते, शिवाय सगळेच एकमेकांची तोंडं बघतात. ठाणे स्टेशनला बाकड्यावर कोणी कलंडलेला दिसला आणि बाकीचे शांतपणे लोकलची वाट बघत असले की आपणही धरून चालतो, झोपला असेल, प्यायला असेल. उगाच हसं होईल ही भीती वेगळीच.

पण गर्दी म्हणजे मदत नाहीच, असं नाही. लँकेस्टर, ॲमस्टरडॅम आणि केपटाऊनमधल्या भर रस्त्यातल्या २१९ भांडणांचं सीसीटीव्ही फुटेज तपासलं तर दहापैकी नऊ वेळा कोणीतरी मध्ये पडलं होतं. फक्त जबाबदारी कोणा एकावर यावी म्हणून "अरे कोणीतरी फोन करा" असं ओरडण्यापेक्षा एकाकडेच बोट दाखवायचं, "ओ चेक्स शर्टवाले दादा, तुम्ही १०८ लावा".

आपल्याकडे वर पोलिसांच्या लफड्याची धास्ती. त्यासाठी सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या नियमावलीला मान्यता दिली आणि २०१९ च्या दुरुस्तीत मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं, त्यामुळे जखमीला पोचवणाऱ्यावर नाव-नंबर द्यायची सक्ती नाही आणि हॉस्पिटल त्याला अडवून ठेवू शकत नाही.