व्हिकर्स ‘मध्यम’ कशी झाली: काचेमागच्या एका मशीनगनची पार्श्वभूमी

लष्करी संग्रहालयात बंदुकांच्या दालनात एखादी जाड नळीची, तिपाईवर बसवलेली मशीनगन दिसते. पाटी आखूड असते: ‘व्हिकर्स मीडियम मशीनगन, थ्री-नॉट-थ्री’. (थ्री-नॉट-थ्री म्हणजे ०.३०३ इंच व्यासाची गोळी.) पोरं शेजारच्या ब्रेनगनपाशी, म्हणजे हलक्या मशीनगनपाशी, फोटो काढतात आणि पुढे सरकतात. मला मात्र पाटीतला ‘मीडियम’ हा शब्द नेहमी अडवतो. बंदूक पंधरा किलोच्या आसपास, तिपाई तेवीसच्या, वर चार लिटर पाणी. चाळीस किलोंच्या वर जाणारं हे धूड मध्यम कुठल्या हिशोबाने?

आधी पाण्याचं बघू. जी जाड नळी आपल्याला बंदुकीची नळी वाटते ती नळी नव्हेच, ते पाण्याचं पिंप आहे. खरी नळी त्याच्या पोटात असते. सलग मारा चालू ठेवला की सहाशेएक गोळ्यांत हे पाणी उकळू लागायचं. वाफ रबरी नळीने बाहेर काढून एका डब्यात थंड करायचे. पाणी परत मिळायचं आणि वाफेच्या ढगावरून शत्रूला जागाही कळायची नाही. संग्रहालयात ही रबरी नळी आणि डबा बहुतेकदा नसतात, आणि पिंपावर काळा ऑइलपेंट चढवलेला असतो. पुढच्या टोकाशी, जिथे नळी पिंपाबाहेर डोकावते, तिथे नीट पाहावं. प्रत्येक गोळीला नळी मागेपुढे सरकते, म्हणजे तिथून पाणी झिरपणार. त्यावर उपाय होता अ‍ॅस्बेस्टॉसच्या तेलकट दोरीचा. ती सैल गुंडाळली तर पाणी गळतं, आवळली तर नळी अडकते. ही दोरी बेताने गुंडाळता येणं ही मशीनगन चालवणाऱ्याची पहिली परीक्षा.

यंत्र मूळचं हायरम मॅक्सिम या संशोधकाचं, १८८४ सालचं. व्हिकर्स कंपनीत त्याचा गुडघ्यासारखा दुमडणारा सांधा उलटा बसवून वजन घटवलं आणि १९१२ मध्ये ब्रिटिश लष्कराने ती स्वीकारली. मॅक्सिमच्या आधी हाताने दांडा फिरवायची गॅटलिंग होती, वायव्य सरहद्दीवर मॅक्सिम फिरल्या, वगैरे इतिहास बहुतेकांना ठाऊक असतो. लक्षात ठेवण्याजोगा आकडा एकच. १९१४ मध्ये फ्रान्सला निघालेल्या हिंदी पलटणीकडे मशीनगन होत्या दोन. अख्ख्या पलटणीत दोन. त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला बेल्जियममधल्या होलेबेकेजवळ बलुची पलटणीची एक तोफगोळ्याने निकामी झाली. दुसरीवरचे सगळे मारले गेले आणि एकटा उरलेला शिपाई जखमी अवस्थेत ती चालवत राहिला. हिंदी सैनिकाला मिळालेला पहिला व्हिक्टोरिया क्रॉस तो.

दोन बंदुका पलटणीच्या ताब्यात ठेवून भागत नाही हे त्या युद्धाने वर्षभरातच शिकवलं. ऑक्टोबर १९१५ मध्ये ब्रिटनने मशीनगनवाल्यांचं वेगळं दलच उभं केलं. व्हिकर्स पलटणीकडून काढून त्या दलाकडे गेल्या आणि पलटणीला बदल्यात ल्युइस मिळाली. वर गोल तबकडी, तीत ४७ गोळ्या, खांद्यावर टाकून पळता येईल अशी. ‘हलकी’ हा शब्द इथून रुळला. एक हलकी म्हटल्यावर दुसरी आपोआप जड ठरली. म्हणजे आज पाटीवर मध्यम असलेली व्हिकर्स काही काळ बोलण्यात जडच होती.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात अर्धा इंच व्यासाच्या गोळीच्या मशीनगन आल्या. रणगाडे, जहाजं, विमानविरोधी मारा यांसाठी. आता जड कोणाला म्हणायचं? ब्रिटिशांनी ते नाव या नव्या बंदुकांना दिलं आणि व्हिकर्स एक पायरी खाली उतरली. तिचं वजन तसूभरही घटलं नव्हतं. अमेरिकेत मात्र असं झालं नाही. त्यांची पाण्याने थंड होणारी ब्राउनिंग, व्हिकर्सच्याच कामाची, शेवटपर्यंत जड म्हणूनच नोंदली गेली. जर्मनांनी आणखी घोळ घातला, किंवा खरं तर घोळ सोडवला. त्यांची एकच बंदूक दोन पायांच्या टेकूवर ठेवली की हलकी, आणि तिपाईवर चढवली, दुर्बीण लावली की जड. इटलीत मराठा पलटणीच्या नाईकाने जुलै १९४४ मध्ये एकट्याने धावून जाऊन जे मशीनगनचं ठाणं मोडलं, त्याच्या वर्णनांत ‘लाइट’, ‘हेवी’ असे शब्द वाचायला मिळाले तर ते कोणाच्या कोष्टकातले हे आधी विचारावं लागतं.

तेव्हा हलकी, मध्यम, जड हे वजन नाही. बंदूक कोणाच्या हाताखाली आहे आणि तिच्याकडून काय काम अपेक्षित आहे, याचा तो हिशोब आहे. ब्रेन सेक्शनची, दहाएक जवानांच्या गटाची. ती त्यांच्याबरोबर धावते. व्हिकर्स धावत नाही. ती मागे, बाजूला बसते आणि एक पट्टा जमिनीचा, एखादी वाट, एखादा पूल, तासन् तास बंद करून ठेवते. नळी दहाएक हजार गोळ्यांनंतर बदलायची, पाणी भरायचं, २५० गोळ्यांचा कापडी पट्टा उजवीकडून सरकवत राहायचा. तिच्यासाठी १९३८ मध्ये खास गोळी आली, तिने पल्ला ४,५०० यार्डांवर, म्हणजे चार किलोमीटरच्या पुढे गेला. एवढ्या लांबचं लक्ष्य डोळ्याला दिसत नाही. मग नकाशा, होकायंत्र, चढाव मोजायचं यंत्र आणि आकड्यांची कोष्टकं घेऊन, टेकडीपलीकडे न बघता मारा करायचा. हे काम पायदळापेक्षा तोफखान्याला जवळचं.

हे सगळं इतक्या तपशिलात सांगायचं कारण महाराष्ट्रातलं आहे. महार रेजिमेंटच्या टोपीवरच्या बिल्ल्यात एकमेकींना छेदणाऱ्या ज्या दोन मशीनगन दिसतात, त्या व्हिकर्स आहेत, याच.

ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला पहिली पलटण कोणाच्या रेट्याने उभी राहिली ते मराठी वाचकाला सांगायला नको. त्याआधीची १११ वी महार पलटण १९१७ मध्ये उभी केली आणि युद्ध सरल्यावर १९२१ मध्ये मोडून टाकली, हेही ठाऊक असतं. दुसऱ्या युद्धानंतर तोच धोका पुन्हा समोर होता. युद्धाच्या धामधुमीत उभारलेल्या पलटणी शांतता आली की पहिल्यांदा छाटल्या जातात. पण १९४६ मध्ये या रेजिमेंटला मशीनगन रेजिमेंट करण्यात आलं.

हा निर्णय चांगला की वाईट? दोन्ही बाजूंनी बोलता येतं. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांची भरती ‘लढवय्ये नाहीत’ या सबबीवर बंद केली, त्यांच्या हाती लष्करातलं सर्वांत हिशोबी पायदळी काम दिलं गेलं. कोष्टक वाचता येणारा, कोन मोजता येणारा जवान हवा, म्हणजे शिक्षण आलंच. आणि खास काम असलेली रेजिमेंट सहजी मोडता येत नाही. दुसरी बाजू तेवढीच खरी. मशीनगन पलटण एक पलटण म्हणून क्वचितच लढते. तिच्या कंपन्या, कधी नुसत्या दोन-दोन बंदुकांच्या तुकड्या, इकडच्या ब्रिगेडला, तिकडच्या बटालियनला जोडून दिल्या जातात. १९४७-४८ च्या काश्मीर लढाईत महारांच्या मशीनगन अशाच वाटल्या गेल्या. ठाणं राखलं की नाव त्या ठाण्यावरच्या पलटणीचं होतं. मागच्या उतारावरून रात्रभर पट्टे सरकवणाऱ्यांचा उल्लेख ‘मशीनगनच्या साहाय्याने’ एवढ्या दोन शब्दांत उरकतो. शिवाय १९४६ मध्येच ही बंदूक चौतीस वर्षं जुनी होती.

माझा कल पहिल्या बाजूकडे आहे. श्रेय वाटून गेलं हे मान्य, पण १९२१ ची पुनरावृत्ती झाली नाही, हे त्याहून मोठं.

बिल्ल्याचंही सांगतो. आधी त्यावर कोरेगावचा स्तंभ होता आणि ‘महार’ हा शब्द. मग स्तंभावर आडव्या छेदलेल्या व्हिकर्स आल्या. पुढे स्तंभ गेला, त्याच्या जागी कट्यार आली, बंदुका राहिल्या. साठच्या दशकात मशीनगन पलटणी साध्या पायदळात बदलल्या तरीही राहिल्या.

त्याच दशकात थ्री-नॉट-थ्रीचाच काळ संपत आला. १९६२ ची लढाई त्या गोळीवर लढलेल्या आपल्या लष्कराने त्यानंतर ७.६२ मिलिमीटरची अर्धस्वयंचलित रायफल घेतली, आणि गोळी बदलली की सगळंच बदलावं लागतं. ब्रेन वाचली. तिला नव्या गोळीची नळी आणि मॅगझिन बसवून ‘एलएमजी’ (लाइट मशीनगन) म्हणून पुढे कित्येक वर्षं वापरलं. संग्रहालयात दोघी शेजारी असतील तर ओळख सोपी आहे: मॅगझिन केळ्यासारखं वाकडं असेल तर थ्री-नॉट-थ्री, जवळपास सरळ असेल तर ७.६२. जुन्या काडतुसाच्या बुडाला कड असते, म्हणून एकावर एक रचली की ती वाकतात. (वाकड्या मॅगझिनची प्रत्येक बंदूक ब्रेन नसते, हेही जाता जाता. ब्रिटनची ब्रेन तयार होण्याआधीच हिंदी लष्कराने व्हिकर्स-बर्थिए ही वेगळी हलकी मशीनगन निवडली होती आणि ती बंगालमधल्या इशापूरला बनत होती. एका संग्रहालयात तिच्याखाली मी ‘ब्रेन’ अशी पाटी पाहिली आहे. नोंदवहीत लिहून आलो, पुढच्या खेपेला पाटी तीच होती.)

व्हिकर्सला ती संधी मिळाली नाही. ब्रिटनने तिला १९६८ मध्ये निरोप दिला. आपल्याकडे तिची जागा मूळच्या बेल्जियन बनावटीच्या, हवेने थंड होणाऱ्या बंदुकीने घेतली. जगभर या बंदुकीला सर्वकामी म्हणतात, कारण टेकूवर हलकी आणि तिपाईवर जड असा जर्मनांचाच कित्ता तिने गिरवला. आपले जवान तिला ‘एमएमजी’ म्हणतात. पाणी गेलं, अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी गेली, वजन निम्म्यावर आलं, ‘मीडियम’ मात्र टिकलं. हलक्या मशीनगनच्या जागी पुढे ५.५६ मिलिमीटरची देशी इन्सास आणि मार्च २०२० च्या करारातून १६,४७९ इस्रायली नेगेव्ह आल्या. त्यातली नेगेव्ह पुन्हा ७.६२ ची आहे आणि पट्ट्यावर चालते, पण नोंद ‘लाइट’ म्हणूनच.

गोळ्यांचा धागा तेवढा महाराष्ट्रातून सुटलेला नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, तिथल्या थ्री-नॉट-थ्रीच्या बुडावर ‘केएफ’ ठोकलेलं असे. ७.६२ आल्यावर भुसावळजवळच्या वरणगावचा ‘ओएफव्ही’ हा शिक्का आला. काचेमागे व्हिकर्सच्या पट्ट्यात काडतुसं खोचून ठेवली असतील, आणि एखाद्याचं बूड आपल्या बाजूला वळलेलं असेल, तर वाकून वाचून पाहावं.